मारोतीच्या आधी जेवलेला कुत्रा

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. ‘यू यू’ केलं की तो यायचा, आणि कोणीही केलं तरी यायचा, हीच त्याच्याबद्दलची तक्रार होती. घरात कापूस भरलेला असायचा आणि हा ओट्यावर राखणीला. चोर आला असता तर त्याने शेपटी हलवत त्याला कापसापर्यंत पोचवला असता. वडील म्हणायचे, “याले भाकर घालण्यापरीस कुलूप घेतलं असतं तं बरं.”

माझा त्याच्यावर जीव वगैरे नव्हता. अंगाला वास यायचा, कानात गोचीड असायचे. पण माझी पाचवी त्याच्यावर अवलंबून होती. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा नाल्यापलीकडच्या गावात, वाटेवर वानरांची टोळी, आणि सोबत जायला दुसरी मुलगी नाही. एकटी जायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. आईने तोडगा काढला: कुत्रा सोबत जाईल. माणसांवर तो भुंकत नसे, पण वानर दिसलं की त्याच्या अंगात यायचं.

तेवढ्यात मलकापूरकडच्या मामाला कुत्रा हवासा झाला. त्याच्या मक्यात रानडुकरं शिरत होती. वडिलांनी लगेच होकार दिला. आमच्या शेतात मारोतीचे रोडगे होते; मामा येणार, जेवणार आणि जाताना कुत्र्याला साखळी लावून नेणार. म्हणजे माझी शाळा संपली. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पहिला नैवेद्य बांधावरच्या मारोतीला; तोवर कोणी घास तोंडात घालायचा नाही. त्या दिवशी गोवऱ्या नीट वाळलेल्या नव्हत्या. ऊन डोक्यावर आलं तरी रोडगे कच्चेच. मामा पहाटेचा उपाशी निघालेला. तो सारखा विस्तवात काडी खुपसायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

शेवटी रोडगे निघाले. आईने नैवेद्याचं ताट मारोतीपुढे ठेवलं आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वळली. कुत्र्याने रोडगा उचलला आणि तिथेच, शेंदराला पाठ टेकून, खाल्ला.

“उष्टं झालं सारं,” वडील म्हणाले. “आता नवी कणीक मळा. ही घाण चालत नाही.”

पुन्हा त्याच गोवऱ्या! मामाने गडबडीने हात जोडले.

“काऊन नवी? भाऊजी, मारोतीनंच खाल्ला तो! कुत्र्याच्या रूपात आला. संत नाही काय कुत्र्यामांगं तुपाची वाटी घेऊन धावले?”

“मंग घे वाटी अन् धाव,” आई म्हणाली.

सगळे हसले, पण भूक सगळ्यांनाच लागली होती. शेजारच्या शेतातले एक म्हातारबुवा मान हलवत म्हणाले, “पाव्हणा बरोबर बोलून राह्यला.” झालं. वडिलांनी मारोतीला नमस्कार केला आणि पंगत बसली. सगळ्यात जास्त रोडगे मामाने हाणले.

जेवणं झाल्यावर त्याने पिशवीतून साखळी काढली. आई राखेने भांडी घासत होती. मान वर न करता तिने विचारलं,

“कोणाले बांधून राह्यला रे?”

“कुत्र्याले.”

“मंघाशी तं मारोती होता. तुह्यं पोट भरलं अन् कुत्रा झाला काय? ने मंग. मारोतीले साखळीनं बांध अन् डुकरं हाकाले लाव. गावात सांगजो मात्र सगळ्याईले.”

मामाने वडिलांकडे पाहिलं. वडील सुपारी कातरत होते.

“माह्याकडे काय पाह्यतं?” ते म्हणाले. “मीबी जेवलो ना.”

साखळी पिशवीत परत गेली. जूनमध्ये मी पाचवीत बसले आणि कुत्रा वर्गाच्या दारात. मास्तर आत आले की शेपटी हलवायचा. वानरांनी माझा डबा एकदाही पळवला नाही. त्यातला अर्धा डबा कुत्रा खायचा, पण ते आमचं ठरलेलं होतं.