आमच्या शाळेची एकुलती एक शाल

शाळेत किस्से शोधायला जावं लागत नाही. मी रोज सकाळी वर्ग झाडते तेव्हा खडूचे तुकडे, पेनांची टोपणं आणि किस्से असं सगळं एकाच सुपलीत येतं. खडू आणि टोपणं मी टाकून देते. किस्से टाकवत नाहीत. चार बायका भेटल्या की ते सांगितल्याशिवाय मला जेवण जिरत नाही.

मी सुमनमावशी. स्वतःची शाळा चौथीपर्यंत, आणि नोकरी हायस्कूलात. बारामती-इंदापूर रस्त्यावर, लासुर्ण्याच्या अलीकडं आमचं विद्यालय आहे, तिथली मी शिपाई. घंटा माझी, चाव्या माझ्या. तोंडावर सगळे मावशी म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

मागचं वर्ष शाळेला फार चांगलं गेलं. खो-खोत बक्षीस, विज्ञान प्रदर्शनात बक्षीस, दहावीला एक पोर नापास नाही. बक्षीस आलं की सत्कार आला. आणि आमच्या भागात शाल, नारळ, फेटा असल्याशिवाय सत्कार झाला असं कुणाला वाटतच नाही. फेटे बांधायला नाक्यावरचे बांगडीवाले मुलाणी चाचा. नारळ हेडसरांच्या घरचा. आणि शाल? शाळेकडं शाल एकच. चॉकलेटी, जरीच्या काठाची.

"एक चांगली असताना दुसरी कशाला?" हे हेडसरांचं म्हणणं. शाल घातली, फोटो झाला, टाळ्या झाल्या, की पाहुणा गाडीत बसायच्या आत ती परत आणायची. हे काम माझं. शाळेत दुसऱ्या कुणाला ते जमलंही नसतं.

*

पंधरा ऑगस्टला साखर कारखान्याचे एक संचालक आले होते. भाषण झालं, चहा झाला आणि साहेब शालीसकट गाडीत जाऊन बसले. हेडसर माझ्याकडं बघायला लागले. मी गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी हलले नाही. साहेबांनी काच खाली घेतली.

"काय पाहिजे, बाई?"

"शाल."

"अहो, मला दिलीय ना ती?"

"दिली व्हती. फोटोपुरती."

साहेबांनी शाल काढून दिली. जाताना हेडसरांना म्हणाले, "ह्या बाईला आमच्या वजनकाट्यावर पाठवा. उसाचं एक टिपरू इकडचं तिकडं व्हायचं न्हाय."

मी म्हटलं, "मी यीन. पण तुमालाच नको हुईल."

*

खो-खोत आमच्या पोरी तालुक्यात पहिल्या आल्या. इंदापूरच्या मैदानावर ऋतुजा अशी पळाली की समोरच्या पोरी तिला सोडून एकमेकींना धडकायला लागल्या. दहावीतली पोरगी, अंगानं काडी, पण डोकंही पायांसारखंच चालतं. तिला बारामतीला अकरावी सायन्सला जायचं होतं. हे तिनं आईला सांगितलं होतं आणि मला सांगितलं होतं. बापाला सांगायची तिची छाती होत नव्हती.

शाळेत सत्कार ठेवला. संघ अख्खा आणि शाल एक. हेडसरांनी पोरींना रांगेत उभं केलं. पहिलीच्या खांद्यावर शाल, फोटो, मग तीच दुसरीच्या, पुन्हा फोटो. घरोघर फोटो गेले तेव्हा एका आजीनं नातीला विचारलं, "तुमा सगळ्यांस्नी एकाच ठाणातल्या घेतल्या व्हय गं?"

ऋतुजा रांगेत शेवटची होती. मी शाल काढायला हात लावला, तर म्हणाली, "मावशी, जरा राहू दे ना. आण्णा येणारेत."

राहू दिली. फाटकाकडं बघत पोरगी उन्हात उभी. बाकीच्या पोरी घरी गेल्या, चाचा फेट्याचं गाठोडं बांधून गेले. आण्णा काही आले नाहीत. मग तिनंच शालीची घडी घालून माझ्या हातात दिली.

*

ते माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट किसनरावांच्या उसात. ऋतुजाचे वडील, तिचे आण्णा. माणूस सरळ, पण ताठ. बांधावर उभे राहून पाणी देत होते.

"किसनराव, पोरीचा सत्कार झाला. आला न्हाय."

"पाण्याची पाळी व्हती."

"कालची पाळी सकाळीच संपली व्हती. मी इचारून आलीय."

मग खरं बोलले. "आमाला कोण बोलावतंय? पोरीच्या हातनं निरोप धाडला की बापाला बोलावणं झालं व्हय?"

मी म्हटलं, ते राहू द्या, पोरगी हुशार आहे, बारामतीला घाला.

"दहावी झाली की बास. आमच्या घरातलं कुणी यष्टीनं शिकायला गेलं न्हाय."

"मग कशानं गेलं?"

"गेलंच न्हाय."

परत येताना मी चाचांच्या दुकानात बसले आणि मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. चाचा बांगड्या पुसत ऐकत होते. म्हणाले, "सुमनताई, त्याचं दुखणं दुसरंच हाय. चुलतभावाच्या लग्नात सगळ्या भावकीला फेटे बांधले, ह्याचं नाव घ्यायचं राहिलं. मीच बांधत व्हतो. हा मांडवाच्या कडंला डोकं पुढं करून उभा, आन् फेटे संपले. तवापासनं हा कुठल्या मांडवात शिरत न्हाय."

लग्नातले मानपान आपल्याकडं माणूस मेल्यावरही विसरत नाहीत, हे तर जिवंत होते.

*

थंडीत विज्ञान प्रदर्शन झालं. नववीच्या पोरांनी ठिबक सिंचनाचं मॉडेल केलं होतं. जमीन सुकली की पाणी आपोआप चालू. उद्घाटनासाठी झाकायला काहीतरी पाहिजे म्हणून मास्तरांनी त्यावर शाल टाकली. पाहुण्यांना यायला उशीर. तोवर शालीखाली जमीन सुकली आणि यंत्रानं आपलं काम केलं.

मी शाल पिळली, दोनदा झटकली. पण सत्कार लगेच होता. ओली शाल पाहुण्यांच्या खांद्यावर गेली. हे गृहस्थ एकदा माईक धरला की दुपारचं जेवण अडवून ठेवणारे. त्या दिवशी त्यांनी "विद्यार्थी मित्रांनो, खूप शिका," एवढंच म्हटलं आणि उन्हात जाऊन उभे राहिले.

पोरांनी टाळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली. तेव्हापासून कुठलाही कार्यक्रम असला की पोरं मला आधी विचारतात, "मावशी, शाल भिजवली का?"

*

चाचांचा फेटा ज्यानं बांधून घेतला त्याला कळतं. कपाळाची शीर दिसायला लागते. शिवजयंतीला एक पुढारी कुरकुरले, "चाचा, जरा सैल. कानात ऐकू येईना."

"सैल बांधला की भाषणात सुटतो, साहेब."

"माझं भाषण लांब नसतं हो."

चाचांनी आणखी एक वेढा आवळला. "समदे हेच म्हणत्यात," म्हणाले.

*

दहावीचा निरोप समारंभ जवळ आला तशी ऋतुजा गप्प गप्प राहायला लागली. आईनं घरात विषय काढून बघितला होता. ताटावरून उठून गेले किसनराव. मी हेडसरांच्या खोलीत गेले.

"सर, निरोप समारंभाला किसनरावांचा सत्कार करा."

"कशाबद्दल?"

"पोरीला बारामतीला सायन्सला घातल्याबद्दल."

"त्यांनी कुठं घातलंय?"

"घालतील की. आख्ख्या गावापुढं सत्कार झाल्यावर काय करतील?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मावशी, हे बरं दिसंल का?"

"सर, काम करायच्या आधी तुमी किती जणांचे सत्कार केलेत ते सांगू का? रस्ता केला म्हणून ज्यांना शाल घातली, त्या रस्त्याचं डांबर अजून यायचंय."

सरांनी कार्यक्रमाचा कागद पुढं ओढला. म्हणजे झालंच.

बोलावणं द्यायला चाचा स्वतः गेले. लग्नाला बोलावतात तसं, हातात अक्षता घेऊन. "किसनराव, मागं माझ्याकडनं राहिलं व्हतं. यंदा पहिला फेटा तुमचा." हे चाचांनी मनानंच सांगितलं, मी काही शिकवलं नव्हतं.

आणि किसनराव आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. चाचांनी त्यांना पहिला फेटा बांधला, भगवा, तुरा हातभर. माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. ऋतुजा पोरींच्या रांगेतून बघत होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

सरांनी माईकवर वाचलं, "आपल्या कन्येला उच्च शिक्षणासाठी बारामतीला पाठवणारे जागरूक पालक..." शाल खांद्यावर पडली. टाळ्या पडल्या. किसनरावांनी आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं.

सर म्हणाले, "दोन शब्द बोला."

किसनराव माईकपुढं उभे राहिले. शाल काढली. नीट चौघडी घातली, सरांच्या खुर्चीवर ठेवली.

"जे काम मी केलं न्हाय, त्याची शाल मी घेत न्हाय. फेटा चाचांनी बोलावून बांधलाय, तेवढा नेतो."

आणि स्टेजवरून उतरून सरळ फाटकाबाहेर गेले.

वर्षभरात पहिल्यांदा कुणा पाहुण्यानं शाल मागायच्या आत परत दिली होती. आणि पहिल्यांदाच ती मला हातात घ्यावीशी वाटेना.

मांडव उतरवत होते तेव्हा ऋतुजा आली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, कशाला केलंस? आता आण्णा मला बोलूसुद्धा देणार न्हाईत."

मी झाडू हातात घेतला. त्या दिवशी मी स्टेज दोनदा झाडलं.

*

परीक्षा झाली, उन्हाळा गेला, निकाल लागला. ऋतुजा शाळेत पहिली आली. सत्काराला मी निरोप धाडला नाही, आणि ती आलीही नाही. पेढे तिच्या आईनं आणून दिले, दारातनंच. मी विचारलं, "पुढं काय?" तिनं पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "घरात त्यो विषयच न्हाय. फेटा मातर फडताळावर ठेवलाय. हात लावू देत न्हाईत."

मी चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, "फेटा अजून सोडला न्हाय ना? मग थांब." काय थांबायचं ते मला कळलं नाही. पुरुष माणसं असंच काहीतरी बोलून ठेवतात.

*

अकरावीची कॉलेजं सुरू झाली तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेत तालुक्याहून शिक्षणाचे मोठे साहेब तपासणीला आले होते. त्या दिवशी मी तीनदा फरशी पुसली. शाळा नीटनेटकी बघून साहेब खूश झाले. हापिसात सत्कार ठेवला. सरांनी शाल घातली, नारळ दिला, चाचांनी फेटा आवळला. साहेब बोलायला उभे राहिले, "ह्या शाळेची शिस्त बघून..."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. साहेबांच्या भाषणात हॉर्न वाजायला लागला तशी मी फाटकाकडं पळाले, जो कोण असेल त्याला चार शब्द सुनावायला.

फाटकात किसनराव. डोक्यावर तोच भगवा फेटा, चाचांनी बांधलेला. सोडलाच नव्हता, टोपीसारखा उचलून घातला होता. तुरा जरा कललेला. मागं ऋतुजा बसलेली, नवा पंजाबी ड्रेस, पाठीवर दप्तर, गळ्यात बारामतीच्या कॉलेजचं ओळखपत्र. माझ्याकडं बघून तिनं ते ओळखपत्र मुठीत धरलं.

किसनराव गाडीवरून उतरले नाहीत. गाडी बंदसुद्धा केली नाही.

"मावशी," म्हणाले, "माझी शाल आणा."

मी तशीच मागं फिरले. हापिसात साहेब शिस्तीवर बोलत होते, सर मान डोलवत होते, चाचा भिंतीला टेकून उभे होते. मी दोन खुर्च्यांच्या मधून वाट काढत साहेबांच्या पाठीमागं गेले.

"साहेब, जरा हात वर करा," मी म्हटलं. "शालीचा मालक आलाय."