रक्तगटाचं एक अक्षर

रक्तपेढीतला तो प्रोग्रामर कशालाही एका अक्षरात उत्तर देई, म्हणून सगळे त्याला तोंडावर एकाक्षरी म्हणत, आणि स्वारी खूष होई. तरुणपणी त्याने रक्तदात्यांची यादी बांधली, तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी चिमूटभर. म्हणून रक्तगटासाठी त्याने कॅरेक्टर प्रकारचा रकाना घेतला. त्यात मावणार एकच अक्षर, आणि गट तर आठ. पठ्ठ्याने शक्कल लढवली. मोठं इंग्रजी ओ म्हणजे ओ पॉझिटिव्ह, छोटं ओ म्हणजे ओ निगेटिव्ह, आणि एबीच्या जागी सी. छापताना त्याचा प्रोग्राम पूर्ण गट लिहून देई, म्हणून ही हुशारी बाकी कुणाला ठाऊकच नव्हती. बायको म्हणायची, लग्नालाही यांनी नुसती मान हलवली, तेवढंच अक्षर वाचलं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना नवी प्रमुख आली, नवी प्रणाली आली. एकाक्षरीचं नाक फुगलं. बाईंनी दोनच प्रश्न लिहून पाठवले: सी म्हणजे काय, आणि सगळी अक्षरं एकसारखी मोठी केली तर चालेल का? पहिल्याचं उत्तर त्याने फणकाऱ्याने लिहिलं. दुसऱ्यापुढे, न वाचताच, नुसतं इंग्रजी वाय, म्हणजे येस. बाईंना वाटलं, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगळ्या फाईलमध्ये असेल. जुना कॉम्प्युटर त्याच महिन्यात डिस्कसकट भंगारात गेला.

पुढच्याच महिन्यात त्याच्या थोरल्या बहिणीच्या पोटात गाठ निघाली. गट ओ निगेटिव्ह, पेढीत एकही पिशवी नाही, आणि याचं स्वतःचं रक्त पॉझिटिव्ह. दात्यांना फोन करायला त्याने यादी उघडली. ओ, ओ, ओ. अकराशे नावं, सगळ्यांपुढे मोठं ओ.

बाईंनी दोन प्रश्नांचा तो कागद पुढे केला. अक्षर त्याचंच होतं.

मग तो फोन घेऊन बसला. तुमचा गट काय हो? निम्म्यांना आठवत नव्हतं, कितीकांचे नंबर बदललेले, एका गृहस्थांना मरून सहा वर्षं झालेली. दोन पिशव्या जमायला बारा दिवस लागले. तोवर ऑपरेशन दोनदा पुढे गेलं.

बहिणीला त्याने खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. ती हसली, नेहमीसारखी.

"मेल्या, दोन अक्षरं जास्त लिहिली असतीस तर आपल्या बापाचं काय जाणार होतं?"

"मेमरी कमी होती गं, ताई."

"तेव्हा कमी होती. आता विचारलं तेव्हा?"

तिने कूस बदलली.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. गाठ पसरली होती. आणलेल्या पिशव्यांना हातही लागला नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, बारा दिवस आधी केलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. फारसा म्हणजे किती, हे एकाक्षरीने विचारलं नाही. डॉक्टर पुढच्या खोलीत गेले.

आत बहीण शुद्धीवर येत होती. झालं का, असं ती नर्सला विचारत होती, आणि नर्स दाराकडे, याच्याकडे पाहत होती.