हळदीकुंकू लागलेला नाग

अंबादास मास्तर जन्मले तेच दचकून, असं त्यांची बायको भानुमती म्हणायची. ती काही त्या वेळी हजर नव्हती, पण तिच्या म्हणण्याला पुरावा रोज मिळत असे. मास्तर कुत्र्याला भीत, विजेला भीत. टांग्याच्या घोड्याच्या मागच्या पायांना तर भीतच, पण पुढच्या पायांवरही त्यांचा भरवसा नव्हता. गढ्याहून नेपियर टाउनातल्या मराठी शाळेत ते रोज पायी जात, ते बहुधा म्हणूनच. आणि सगळ्यांत जास्त भीत ते हेडमास्तर श्यामसुंदरपंतांना.

असा माणूस शिकवणार कोणता वर्ग? बालवर्ग. तिथं निदान त्यांच्याहून लहान माणसं बसत.

मध्यप्रांतातली नोकरी आटोपून विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या मडमेनं जाताजाता शाळेला एक पुस्तक दिलं. प्राण्यांच्या चित्रांचं, जेवायच्या पाटाएवढं. प्रत्येक चित्रावर पतंगाच्या कागदासारखा झिरझिरीत कागद. तो उचलला की खालून मोर निघे, आणि त्याचा निळा रंग असा की पोरं बोट लावून बोट पाहत, लागला की काय म्हणून. मजकूर इंग्रजी होता. तो वाचायची कुणाला गरज पडली नाही.

पंतांनी पुस्तक आपल्या कपाटात घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. दर शनिवारी तासभर ते मास्तरांच्या हाती येई, तेही तंबी देऊन. "अंबादासजी, एक डाग जरी दिसला, तर पुस्तक कायमचं कपाटात. पोरांना पुन्हा दिसायचं नाही. समझे?"

मास्तरांना ते चांगलंच समजलं. कारण आठवड्यातला तेवढा एकच तास ते भ्यायचं विसरत. पोरं त्यांच्या मांडीवर, पाठीवर, खांद्यावर लोंबत आणि मास्तर वाघाची डरकाळी फोडत. मास्तरांची डरकाळी म्हणजे मांजर शिंकल्यासारखी. पण बालवर्गाला पुरे होई.

फक्त नागाचं पान आलं की पंचाईत. काळ्या खडकावर फणा काढून बसलेला नाग, डोळे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. पोरं किंचाळत, एकमेकांच्या मागे लपत, आणि तरी दर शनिवारी ओरडत, "मास्तर, नाग दाखवा!" मास्तर डोळे मिटून कागद उचलत.

"मास्तर, गेला का तो?" पाच वर्षांची कुंदा त्यांच्या धोतरात तोंड खुपसून विचारी.

"मी नाही पाहिलं, बाई," मास्तर खरं ते सांगत.

श्रावणात पुस्तकाची शिवण सुटली. मैद्याची खळ करून पुस्तकं चिकटवण्यात मास्तरांचा हात चांगला, म्हणून पंतांनी पुस्तक घरी न्यायला दिलं. नागपंचमीच्या सकाळी मास्तरांनी खळ लावली, पुस्तक उघडं करून वाळायला पाटावर ठेवलं आणि विहिरीवर अंघोळीला गेले. उघडलं होतं ते पान नेमकं नागाचं.

भानुमती दरवर्षी पाटावर गंधानं नाग काढी. परतून आलेल्या मास्तरांना पाटासमोर हात जोडून बसलेली बायको दिसली. नागाच्या कपाळी हळद. हळदीवर कुंकू. पुढ्यात लाह्या, आणि सगळ्यांवरून दुधाची धार.

"किती सुंदर आणला हो नाग तुम्ही! माझा तर दरवर्षी पडवळच होते." मग तिनं वर पाहिलं. "काहून असे उभे राहून राहिले? हात जोडा नं!"

मास्तरांचे हात आपोआप जुळले.

"भानुमती," ते कसेबसे म्हणाले, "हे पंतांचं पुस्तक आहे."

मग नुसती धावपळ. दूध टिपलं, लाह्या वेचल्या. हळद निघेना म्हणून मास्तरांनी ओल्या बोटानं साबण चोळला, तशी पिवळी हळद रक्तासारखी लाल झाली.

"अहो, हळदीला साबण लावते का कोणी? लाल होते नं ते!"

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

रात्रभर मास्तर कुशी बदलत राहिले. नोकरी गेली असती तर त्यांनी निदान देवाला विचारलं असतं, काय करू म्हणून. पण पोरांचा शनिवार गेला तर कुणाला विचारायचं? आणि कुंदाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी शनिवारच होता. मास्तरांनी ठरवलं, नागाचं पान चिमटीत धरून एकदम दोन पानं उलटायची. मोर झाला, हत्ती झाला, दोन पानं उलटली.

"नाग राहिला!" सगळा वर्ग ओरडला. त्या ओरड्यानं पंत दारात येऊन उभे राहिले.

"दाखवा की," पंत म्हणाले. "मुलांनो, चित्राला काय घाबरता? भूत, पिशाच, हे सारं खोटं असतं." हे ते दर आठवड्याला सांगत.

डोळे मिटून मास्तरांनी कागद उचलला. दुधानं फुगलेलं ते पान दडपण निघताच हळूच वर उठलं, आणि नागाचा फणा पुस्तकातून वीतभर बाहेर आला. कपाळ लालभडक. फण्याला एक लाही चिकटलेली.

पंत एक पाऊल मागे सरले. मग दुसरं.

"हे... हे काय आहे?"

"न-नागपंचमी," मास्तर म्हणाले. "घरी पूजा झाली याची. चुकून."

पंतांनी शेजारच्या वर्गातून शिवणाची कात्री मागवली. "कापा हे पान. आत्ता, माझ्यासमोर."

मास्तरांनी कात्री घेतली. समोर पंत, हाताखाली नाग, घरी भानुमती. कुणाला जास्त भ्यावं हेच त्यांना कळेना. तेवढ्यात कुंदा पुढं आली. या खेपेला तिनं तोंड लपवलं नव्हतं. घरच्यासारखं हळदीकुंकू पाहून तिनं नागाला हात जोडले, आणि मागून एकेक करून सगळ्या वर्गानं.

"नाही," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की त्यांनाच वाटलं दुसरं कुणी बोललं. "माझ्यानं नाही होणार, पंत. तुम्ही कापा."

पंतांनी कात्री घेतली, उघडली. पान वाऱ्यानं जरासं हललं. पंतांनी कात्री मिटली.

"अच्छा," ते घसा खाकरून म्हणाले, "आता आणा ते कपाटात." मग जानव्याची किल्ली चाचपत ते थबकले. त्यांच्या खुर्चीमागंच तर ते कपाट होतं, आणि पंत संध्याकाळी तिथं एकटेच बसत. "नाही... असं करा. पुस्तक तुमच्याच वर्गात राहू द्या. माझ्या कपाटात जागा नाही."

कपाटात खडूची एक पेटी होती, बाकी सारं रिकामं.

पुस्तक बालवर्गातच राहिलं, रोज उघडायला. पुढं त्याचे कोपरे पोरांच्या बोटांनी गोल झाले आणि मोराचा निळा रंग जागोजाग विटला. पण मास्तर नागाचं पान आलं की डोळे मिटतच.

"मास्तर, उघडा नं डोळे," कुंदा त्यांचा हात धरून म्हणे. "काही नाही करत तो. मी आहे नं."