शंभर टक्के निकालासाठी

नववीची वार्षिक परीक्षा संपली त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना आपल्या खोलीत बसवलं. "पुढच्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. संस्थेनं ठरवलंय," ते म्हणाले. कसा लावायचा हेही ठरलं होतं. जी पोरं दहावीला नापास होतील असं वाटतं, त्यांच्या पालकांना समजावून दाखला काढायला लावायचा. पोरांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायची. मग ती नापास झाली तरी शाळेच्या निकालात धरली जात नाहीत.

नववीची वर्गशिक्षिका मी, गणितही माझंच.

"सर, अजून वर्ष आहे. मी जादा तास घेते."

"घ्या की. पण आधी यादी द्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "निकाल पडला की पोरं पालमच्या शाळेत जातात. तुकडी तुटली तर अतिरिक्त शिक्षक कोण ठरणार, मॅडम? सगळ्यात शेवटी नोकरीला कोण लागलंय?"

मीच लागले होते. सात वर्षं बिनपगारी काढून नुकता कुठं पगार सुरू झाला होता. मी पाच नावं लिहून दिली.

त्यात चौथं नाव एका मेंढपाळाच्या मुलीचं होतं. दिवाळीनंतर तिच्या घरचे मेंढरं घेऊन येलदरी धरणाकडे जायचे. ती चुलतीपाशी राहून शाळा करायची, पण कामाला माणूस कमी पडलं की तिलाही बोलावणं यायचं. तिचा हिशोब तोंडपाठ असे. बीजगणितात अडायची, कारण ते शिकवलं तेव्हा ती रानात होती. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिचं नाव लिहिलं होतं.

तिचे वडील आले ते पायताण दाराबाहेर काढून. मी खुर्ची दिली, तर तिच्या कडेवर टेकले.

"शाळा सुटली म्हनायची का मॅडम?"

"नाही हो. परीक्षा तीच आहे. फक्त फॉर्म बाहेरून भरायचा. तुमच्या फिरतीत तिला सोयीचंच पडेल."

"तुमी वाईट थोडंच सांगणार," असं म्हणून त्यांनी दाखल्याच्या अर्जावर सही केली. मुलगी पाठीमागं उभी होती.

"मॅडम, मग मी वर्गात बसायची न्हाई?"

मी कागद गोळा करत राहिले.

जूनमध्ये शाळा भरली, मी दहावीच्या गणिताच्या तासाला गेले, तर ती शेवटच्या बाकावर. गणवेश धुऊन, वेणी घालून. हजेरीपटात नाव नव्हतं; मी तिला उठवलं नाही. चार दिवस ती समीकरणं उतरवून घेत होती. पाचव्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले आणि म्हणाले, "ही कशी काय इथं?" ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "जा बाळा." तिनं दप्तर उचललं.

महिनाभरानं एका रविवारी मी तिच्या चुलतीच्या घरी गेले. म्हटलं, दर रविवारी येऊन शिकवते, कुणाला सांगू नकोस. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नगं मॅडम. तुमाला लोकं बोलतील. मैत्रिणीच्या वह्या हायत, करायलेय माझं मी."

रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढल्या उन्हाळ्यात शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. चौकात फलक लागला, त्यावर माझाही फोटो होता. यादीतल्या पाचांपैकी तिघांनी फॉर्मच भरला नव्हता. एक नापास झाला. ती पास झाली, गणितात बावन्न गुण मिळवून. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते सहज म्हणाले, "अरेच्चा! मग ठेवली असती तरी चाललं असतं."

जुलैत ती गुणपत्रिका घेऊन शाळेत आली. अकरावीच्या प्रवेशासाठी कसला तरी दाखला हवा होता. "तू आमची विद्यार्थिनी नाहीस, फॉर्म भरलास त्या केंद्रावर जा," असं कचेरीतल्या बाबूंनी तिला खिडकीतूनच सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. उठून बाहेर येईपर्यंत ती फाट्याच्या वाटेला लागली होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून काय सांगणार होते? मागं वळले, तर वऱ्हांड्यात मुख्याध्यापक उभे.

"मॅडम, यंदा नावं आठवीपासूनच बघून ठेवा," ते म्हणाले. "तुम्हाला पोरांची पारख आहे."

मी "बरं सर" म्हणाले आणि तासाला गेले.