टक टक टर्र

पुण्याहून फोन आला तेव्हा मी भूमच्या बाजारात वांगी निवडत होते. पुनी गेली... माझी भाची, थोरल्या भावाची एकुलती एक लेक. साध्या तापाचं निमित्त झालं आणि हसती-खेळती पोर आठवड्यात हातची गेली. पुढं त्या वांग्यांचं काय झालं, मला काही आठवत नाही. एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून मी हमसून हमसून रडले.

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली, तेव्हा दादाच्या अंगणात सगळी गल्ली जमली होती. शेरडं राखणारा माझा भाऊ, नवा सदरा घालून नवरदेवासारखा खुर्चीवर बसला होता. नंबर काही आला नाही. पण निवेदकानं माईक पुढं केल्यावर ती "लई भारी वाटायलंय" म्हणाली आणि तिथले सगळे तिच्या बोलीला खो खो हसले, ते तिला लागलं. तेव्हापासून माईक दिसला की पोरगी तोंड मिटायची. तिलाच पुढं संगीत नाटकात काम मिळालं. म्हणजे नाचायचं, गायचं आणि वर बोलायचंसुद्धा! दादा बिथरला. "टीव्हीवर नाचली तेवढं बास. नाटकमंडळीत पोरगी धाडायची न्हाय." ती गेलीच. मग यानं हेका धरला, "म्या बघायला यायचा न्हाय." हट्टाला आमच्या घरात तोटा नाही, मीही त्यातलीच. मी पहिल्याच प्रयोगाला गेले.

दुसऱ्या अंकातल्या गाण्यात ती कडव्याचे शब्द विसरली. पेटी वाजतेय आणि ही गप्प... तेवढ्यात तिनं टाळूला जीभ आपटली, टक टक टर्र, आणि त्यावर पाय टाकला. दादा तिन्हीसांजेला शेरडं माघारी वळवतो तो आवाज! लहानपणी त्याच्यामागं हिंडताना पोरीनं उचललेला. तबलजीनं तो ठेका धरला आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आत भेटल्यावर म्हणाली, "शब्दच गेले बघ आत्या. तोंडाला आलं ते केलं." दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. मी दादाला फोन लावायला निघाले तर तिनं माझा हात धरला. "आबांना सांगू नको. त्यांनी समोर बसून ऐकायचं."

नाटक धाराशिवला येणार ठरलं. मी दादाच्या मागं लागले, तेव्हा तो "बघू" म्हणाला. दादाचं "बघू" म्हणजे होच असतं. मी लगेच तिला कळवलं. ती फोनवर नुसती हसत होती, वेडी. प्रयोग जवळ आला आणि पोरीला ताप भरला.

मध्यंतरी नाटकवाल्यांनी त्या गाण्याचा व्हिडिओ पाठवला. दादाच्या अंगणात बसून मी तो लावला. दादानं मान फिरवली. बघवत नव्हतं त्याला. फोनमधून आवाज आला, टक टक टर्र... आणि वाड्यातली सगळी शेरडं कान टवकारून उठली, दाराशी येऊन उभी राहिली. दादा त्यांच्याकडं बघत राहिला.

"माझी हाळी हाय की ही," एवढंच बोलला.

आता तिन्हीसांजेला शेरडं वळवायची झाली की तो स्वतः आवाज काढत नाही. माझ्याकडं फोन मागतो.