पूरा पात्र में

लखनौच्या उत्तरेला एका खेड्यातल्या पाणथळीतून कुकरैल निघते, जंगलातून वळणं घेत शहरात शिरते आणि इंदिरानगरच्या कडेने जाऊन गोमतीला मिळते. एवढीच तिची कहाणी. जंगलात ती नदी असते, शहरात आली की सगळे तिला नाला म्हणतात. माझ्या वडिलांना याचा भयंकर राग. सरकारी खात्यात जन्मभर नद्यांचे नकाशे काढलेला माणूस. भाजीवाला 'नाले के पास' म्हणाला तरी ते त्याला थांबवायचे, "नाला नहीं भैया, नदी है." आम्ही कपाळाला हात लावायचो.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंचं घर त्याच नाल्याकाठी होतं. पुढे सरकारचंही वडिलांसारखंच ठरलं की ही नदीच आहे आणि तिची जागा तिला परत द्यायची. काठावरच्या घरांवर लाल खुणा झाल्या. जे पात्र ठरतील त्यांना शहराबाहेर फ्लॅट मिळणार होते, पण त्यासाठी शिबिरात जाऊन अर्ज भरायला हवा होता.

बाईंना वाचता येत नव्हतं. वस्तीत वाटलेला एक छापील कागद घेऊन त्या वडिलांसमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं फ्लॅट मिळणाऱ्यांची यादी आहे, होता नदीचा नकाशा.

"बाबूजी, देख के बताइए, हमारा घर पात्र में है कि नहीं?"

वडिलांनी चष्मा लावला, पट्टी घेतली, गल्ली मोजत मोजत त्यांचं घर शोधून काढलं. "पूरा का पूरा पात्र में है," ते म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. बाई त्यांच्या पाया पडल्या.

वडिलांच्या मराठीत नदी वाहते ती जागा म्हणजे पात्र. बाईंच्या हिंदीत लायक ठरलेला माणूस म्हणजे पात्र. मी दारात चपला घालत होते. मला दोन्ही भाषा येतात, मला तिथल्या तिथे कळलं. मला हसू आलं. बँकेत जायला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर हा विनोद संध्याकाळी जेवताना सांगायला मला हवा होता. सांगितलाही. सगळे पोट धरून हसलो. आई म्हणाली, "अगं, उद्या सांग तिला."

दुसऱ्या दिवशी बाई बालूशाही घेऊन आल्या. मी दोन खाल्ल्या. आता हिचं तोंड कशाला कडू करा, असं मी स्वतःला समजावलं. तोवर शिबिर संपलं. अर्ज न भरताच बाई फ्लॅटची वाट बघत बसल्या, आणि एका सकाळी त्यांचं घर पाडलं.

"काग़ज़ में कुछ गड़बड़ हो गई होगी," एवढंच त्या म्हणाल्या. मी पोळीवर तूप लावत होते, लावत राहिले. त्यांना अजून माहीत नाही. सांगायची हिंमत माझ्यात नाही, आणि पोळ्या तर रोज लागतात.

हल्ली त्या पार पलीकडून, कुणाच्या तरी पत्र्याच्या खोलीतून येतात. परवा उशीर झाला म्हणून आई कुरकुरली. बाई दारातच थांबल्या, धाप लागलेली.

"क्या करें अम्माजी, अब नदी के उस पार से आना पड़ता है."

वडिलांनी पेपर खाली ठेवला.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "नदी म्हणाली ती."