सत्काराच्या दिवशीची मोजणी

"तुमचाच रिपोर्ट, आणि तुम्हीच तो रद्द करा म्हणता?" साहेबांनी माझा अर्ज बाजूला सारला.

"रिपोर्ट खोटा नाही सर. अर्धा आहे."

"मग तेव्हाच पूर्ण का नाही लिहिला?"

याचं उत्तर मी इतके दिवस घरीसुद्धा दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

मी रेल्वेत कमर्शियल इन्स्पेक्टर आहे. जालना-परतूर भागातला एक हॉल्ट, म्हणजे स्टेशनमास्तर नसलेलं छोटं स्टेशन, ठेवायचा की बंद करायचा, हे बघायला मला पाठवलं होतं. निजामाच्या काळातली दगडी खोली, एक लिंब, एक बाक. एके काळी इथून कापसाच्या गाठी जायच्या. मीटरगेज गेली, तशी मालगाड्या उभ्या करायची सायडिंगही उखडली. उरली सकाळची पॅसेंजर. तिनं गावातल्या पोरी जालन्याला कॉलेजला जायच्या. त्यांचे पास निघायचे जालन्यात, म्हणून हॉल्टची विक्री कमी दिसायची. म्हणूनच प्रत्यक्ष मोजणी होती: किती चढले, किती उतरले.

कमिशनवर तिकिटं विकणारे गावातले कचरूभाऊ, त्यांना मी आधी कळवलं होतं. जाऊन बघतो तर प्लॅटफॉर्मवर अख्खं गाव. हार, फेटा, चहा. कॉलेजच्या पोरी ओवाळायला उभ्या. गाडी आली. कुणी जागचं हललं नाही. गाडी गेली.

बसला का नाहीत, असं मी विचारलं. गावातले जाणते रंगनाथआबा हसले.

"साहेब, पावणा दारात अन् आपण गाडीत? बराबर दिसतं का ते? अन् बघितलं न्हाई का तुमी, किती लोक हायेत गाडीला?"

बघितलं होतं. फेटाही बांधून घेतला. आणि रिपोर्टात चढणाऱ्यांसमोर 'निरंक' लिहिलं, म्हणजे शून्य. पुन्हा एक खेप पडू नये, एवढंच डोक्यात होतं. हॉल्ट बंद झाला. पुढे कळलं, आबांच्या नातीचं कॉलेज सुटलं. बसच्या फाट्यापर्यंतच्या सुनसान वाटेनं तिला एकटीला कोण पाठवणार?

साहेबांनी बाजूला सारलेला अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "चार्जशीट निघेल तुमच्यावर."

"निघू द्या सर. मोजणी पुन्हा घ्या."

चार्जशीट निघाली नाही, ताकिदीच्या मेमोवर भागलं. मी वरच्या ऑफिसात खेटे घालत राहिलो. शेवटी काही महिन्यांसाठी प्रायोगिक थांबा मिळाला. कचरूभाऊंना फोनवर बजावलं, की मोजणीचा दिवस सांगणार नाही, आणि मला कुणी ओळख दाखवायची नाही.

"मंग चहा तरी?"

"चहाही नाही."

एका सकाळी जाऊन लिंबाखाली उभा राहिलो. आबा नातीला घेऊन आले, माझ्या अगदी समोरून गेले. रामराम नाही, नजर नाही. गाडी थांबली. नात चढली, मागून आबा. मी मोजायला सुरुवात केली.

थांबा आता कायम झाला आहे. मेमो माझ्या फाइलला आहे. मोजणीला जाताना मी कुणाला कळवत नाही.